जयमालाची जबानी

सीताराम म्हसळ्याला तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचा. लोक रडत, भांडत, मागचं पुढे करून सांगायचे आणि तो त्याचा सरळ अर्ज करून द्यायचा. बायकोचा, जयमालाचाही त्यानेच केला. अकरा वर्षांपूर्वी सुपारीच्या वाडीतल्या मुकादमाने जयमालावर बलात्कार केला, तेव्हाची पोलिसांना दिलेली तक्रार.

जयमाला मागच्या आठवड्यात गेली. दवाखान्यात लेकीला म्हणाली होती, "माझं कुणी ऐकलंच न्हाय गं. एकदा लोकांना ऐकव." पुढचं सांगायला दम उरला नव्हता. रविवारी पुण्यानुमोदन होतं; तिच्या आठवणीसाठी जमलेल्या लोकांपुढे तिची जबानी वाचायची होती. त्यासाठी लेक, मैत्री, तक्रारीची प्रत घेऊन बापापुढे बसली.

"बाबा, यात आई वकिलीण वाटते. 'सदर इसम', 'तद्नंतर'. आई असं कधी बोलली?"

सीताराम कसंनुसं हसला. "अर्जाची भाषा ती."

"'मी तात्काळ रडत घरी पळाले.' पळाली होती?"

"न्हाय. परत जाऊन सुपारी सोलत बसली. सुट्टी होईपर्यंत."

"मग हे का लिहिलंत?"

"असं झाल्यावर बाई कामाला बसते, हे कोण मानणार?"

"काय करावं सुचत नाही तेव्हा हात चालूच राहतात, बाबा. तिने तेच तर सांगितलं होतं." मैत्री थांबली. "तुम्ही तरी मानलं होतंत?"

तेव्हा कोर्टात जयमालाने खरं तेच सांगितलं होतं. मुकादमाच्या वकिलाने तक्रार नाचवली. "बाई, खरं कुठलं? तोंडातलं की कागदावरचं?" तिने सीतारामकडे पाहिलं. ते वाक्य माझं आहे, एवढंच त्याने उठून बोलायचं होतं. तो बसून राहिला. मुकादम सुटला. घरी त्यावर ती पुन्हा बोलली नाही.

"पुरतं न्हवतं मानलं," तो म्हणाला.

मैत्रीने तक्रारीची प्रत घडी करून बाजूला ठेवली. मग तिने वही उघडली. "आता ती बोलली तसं सांगा."

त्याने डोळे मिटले. चुलीपुढे बसलेली जयमाला दिसली, तिचे ओठ हलताना दिसले. "दुपारी दोनच्या सुमारास, मी एकटी काम करीत असताना..."

"हे तुमचं, बाबा."

त्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अर्जच आला. ती प्रत त्याने इतक्यांदा वाचली होती की तिचं बोलणं त्याखाली बुजून गेलं होतं. एक वाक्य मात्र जसंच्या तसं आठवलं, आणि तेही त्याचंच. ती सांगत असताना तिला मध्येच थांबवून त्याने विचारलं होतं, "वाजले किती होते?"

मैत्रीने पेनाला टोपण लावलं.