सपाट देशातला डोंगरी नकाशा

मी एक जुना उठावाचा नकाशा आहे. मित्रांनो, माझ्यावरचे डोंगर नुसते रंगवलेले नाहीत, ते हाताला लागतात. सध्या मुक्काम ॲम्स्टरडॅमजवळच्या युट्रेख्ट शहरातल्या विद्यापीठात. इथे डोंगर औषधालाही सापडत नाही, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच असतो.

माझा देश दूर पूर्वेला आहे. पूर्वी तिथले सगळे कारखाने सरकारचे होते. त्यांपैकीच एकात गरम प्लॅस्टिकचा पत्रा साच्यावर दाबून मला घडवलं. पुढे कारभार बदलला, कारखाने बंद पडले. राजधानी श्रीमंत झाली, खोऱ्यांतली गावं मागे राहिली. एका प्राध्यापकांनी मला इथे आणलं. विद्यार्थी कौतुकाने माझ्या शिखरांवरून हात फिरवत. मग संगणकाचे पडदे आले आणि माझ्या सर्वांत उंच शिखरावर लोक ओले रेनकोट अडकवू लागले. मला फार अपमान वाटे.

यंदा माझ्या देशाच्या सरकारने मागास भागांना मदत द्यायचं ठरवलं. कुठे द्यावी, हा सल्ला आमच्या खोलीतल्या उल्का आणि आशुतोष या संशोधकांकडे मागितला. दोघंही मूळची पुण्याची, पण आता इथल्या सायकलींना सरावलेली.

"हे खोरं वगळू या," आशुतोष पडद्याकडे बघत म्हणाला. "कॅपिटलपासून फक्त चाळीस किलोमीटर. युट्रेख्ट-ॲम्स्टरडॅम एवढंच. लोक रोज कम्यूट करतील."

"चालेल. रिपोर्ट उद्या पाठवून टाकू," उल्का म्हणाली.

मी कळवळलो. त्या खोऱ्यातला एकुलता एक कारखाना बंद होता. मदत मिळाली नाही, तर उरलेली माणसंही घरं सोडणार होती. पण नकाशाला तोंड कुठे असतं?

त्याच दुपारी खोली आवरताना उल्काने मला भंगारात टाकायला उचललं. तिचा अंगठा राजधानीवर होता. ते खोरं कुठे आहे ते बघायला तिने तो सहज पुढे सरकवला, आणि तो मध्येच अडला.

"आशुतोष, मध्ये डोंगर आहे रे. आपल्या वरंधा घाटासारखा. बर्फात रस्ता बंदच होत असणार."

आशुतोषने खरा रस्ता शोधला. तो डोंगराला वळसा घालून जात होता आणि जायलाच अर्धा दिवस लागत होता.

"इथे राहून घाटच विसरलो आपण," तो ओशाळून म्हणाला.

दोघांनी अहवाल बदलला आणि भंगाराऐवजी मला परत माझ्या जागी लावलं. गेल्या महिन्यात सरकारने तो मान्य केला आणि खोऱ्यातल्या बंद कारखान्यात फळं टिकवण्याचं काम सुरू झालं. ते ऐकलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, मला जपलंत तर आनंदच आहे. पण कोणत्याही नकाशावर बोट फिरवाल, तेव्हा जरा हळू फिरवा. बोटाखाली माणसं राहतात.