राजहंसांचा पाहुणचार

पोळ्याला विनोदनं किन्हीराजाहून राजहंसाची दोन पिल्लं आणून बहिणीच्या मळ्यात सोडली, आणि तेव्हापासून सीताबाईचे पाय जमिनीवर टेकेनात. माहेरची भेट होती ती. कामरगावच्या बाजारातून न विकलेली पालक-मेथी टोपलीत परत यायची. शालिकराम ती पिल्लांपुढे टाकायला निघाला की बायको आडवी व्हायची.

"माह्या माहेरच्या जिवाले उरलंसुरलं घालता? काई लाज हाये का?"

मग पाला उकिरड्यावर जायचा, आणि म्हशीच्या वाट्याची सोयाबीनची ढेप, म्हणजे पेंड, मऊ भिजवून पिल्लांपुढे यायची. पिल्लं बघता बघता गरगरीत झाली.

दिवाळीच्या तोंडावर घात झाला. थोरल्याचा डावा पंख बाहेर वळला आणि मोडक्या छत्रीसारखा लोंबू लागला. भाऊबीज आठवड्यावर आली होती. विनोद येणार आणि आपण दिलेला जीव लुळा झालेला पाहणार होता. दोष कुणावर तरी घालायला हवा होता, आणि नवरा हाताशीच होता.

"तुमीच पंखाले धरून उचललं असन."

"म्या हात नाई लावला वं."

पण ऐकतंय कोण? दोन दिवस शालिकरामला भाकरीबरोबर बोलणी मिळाली. तिसऱ्या दिवशी पिल्लू टोपलीत घालून दोघं ढोरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर साधना मॅडमनी पंख चाचपला आणि खाणं विचारलं. सीताबाईनं मोठ्या तोऱ्यात ढेपीचं सांगितलं.

"मंग कोणी पिळला नाई हा, मावशी," मॅडम म्हणाल्या. "ढेपीत प्रोटीन लई. पिसं भराभर वाढली, सांधा कोवळाच राह्यला. त्याले भार पेलला नाई. लवकर आणलं ते बरं झालं. पट्टी बांधून देते. ढेप बंद करा अन् हिरवा पाला घाला."

ज्याला उकिरडा दाखवला तेच औषध निघालं. परतताना शालिकराम एक शब्द बोलला नाही, आणि त्याचं ते न बोलणंच सीताबाईला जास्त लागलं.

भाऊबीजेला विनोद आला, तेव्हा पट्टी आदल्याच दिवशी सुटली होती. पंख जागेवर बसला होता, पण पिसं विस्कटलेली होती.

"बाई, याच्या पंखाले काय झालं होतं?"

सीताबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. आपण गप्प राहिलो तर तोही गप्प राहील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तिला गप्प राहवेना.

"माह्या लाडानं वाकडा झाला. ढेप चारली म्या, अन् बोलणी खाल्ली यायनं."

शालिकरामनं घसा खाकरला. "दुपारची एक ओंजळ ढेप माही बी होती. तू झोपली का देत होतो. मांगं मांगंच फिरत होते ना ते."

म्हणजे निम्मी बोलणी तरी वाया गेली नव्हती. सीताबाईला हसू आवरेना. विनोद मात्र हसला नाही. तो उठला आणि मोटारसायकलीवरचं पोतं सोडून भिंतीआड सरकवू लागला.

"काय हाये रे त्यात?" सीताबाईनं विचारलं.

"ढेप," तो पडेल आवाजात म्हणाला. "खास पिल्लांसाठी आणली होती."

सीताबाईनं ओवाळलं भावालाच, पण त्या दिवशी खरी भाऊबीज झाली ती म्हशीची.