कुठला पंखा शांत

"नीट ऐका हं काका. हा झाला एक... आणि हा दुसरा. बोला, कुठला देऊ?"

दुकानदाराने काउंटरवर दोन पंखे उभे केले होते. दोन्ही काळे, दोन्ही तळहाताएवढे, दोन्ही कॉम्प्युटरच्या पेटीत मागच्या बाजूला बसणारे. त्याने आधी एकाची वायर जोडली, मग ती काढून दुसऱ्याची जोडली. दोन्ही वेळा पाती गरकन फिरली आणि दिसेनाशी झाली. कानसेनांनी डोळे मिटले, मान तिरकी केली आणि वाकून कान जवळ नेला. त्यांना काहीही ऐकू आलं नाही.

बहिरे नव्हते ते. दुकानदाराचं बोलणं ऐकू येत होतं, रस्त्यावरची मोटार ऐकू येत होती. फक्त वरचे, बारीक आवाज तेवढे गेले होते, उंदराने कापड कडेकडेने कुरतडावं तसे. मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक बोटात किल्ल्या खेळवत होतं. त्या किल्ल्या दिसत होत्या, पण वाजत नव्हत्या.

आणि हा माणूस कुठल्या धंद्यातला, तर ऐकण्याच्या. घराच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून त्यांनी स्टुडिओ केला होता आणि तिथे ते पुस्तकं रेकॉर्ड करायचे. वाचक येऊन वाचायचा, हे समोर कॉम्प्युटरवर बसून आवाज टिपायचे. गाणारे गावात पुष्कळ, ऐकणारा हा एकच, म्हणून धंद्यातल्या लोकांनी त्यांचं नाव कानसेन पाडलं. एकदा त्यांनी वाचकाला मधेच थांबवून सांगितलं होतं, की तुमच्या पिशवीत घड्याळ आहे. पिशवी उलटी केली तर खरंच तळाशी, रुमालात गुंडाळलेलं घड्याळ निघालं. ही गोष्ट लोक अजून सांगायचे आणि कानसेन अजून लाजल्यासारखं करून ऐकायचे.

गेली काही वर्षं मात्र सगळं बिनसलं होतं. वाचकाचे स आणि श त्यांना बोथट लागायला लागले. त्यांनी माइक बदलला. मग दुसरा बदलला. मग वाचकालाच म्हणाले, की दातांचं काही झालंय का तुमच्या, स नीट येत नाही. वाचक नाटकात काम केलेला माणूस, तो आठवडाभर फुगून बसला. दोष सगळ्या जगात शोधून झाला होता, राहिला होता फक्त स्वतःचा कान, आणि तिथे हात लावायची कानसेनांची छाती नव्हती.

परवा, ही बोलकी पुस्तकं काढणाऱ्या कंपनीतल्या मॅडमचा फोन आला. "दोन प्रकरणं परत पाठवतेय. मागे सारखी एक शिट्टी वाजतेय. हेडफोन लावला की डोकं उठतं. तुम्हाला ऐकू नाही आली?"

"कॉम्प्युटरचा पंखा असणार. बेअरिंग गेलंय त्याचं. नवीन टाकतो आणि दोन्ही प्रकरणं पुन्हा करून देतो," कानसेन म्हणाले होते.

"बघा बाई. या वेळी पुन्हा तसंच झालं, तर मला काम दुसरीकडे द्यावं लागेल. वरून विचारतात हो."

पंख्याचं त्यांनी अंधारात तीर मारावा तसं सांगितलं होतं. घरी पेटी उघडून पाहिली, तर पंखा खरोखरच डुगडुगत होता. तेवढ्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. नवा शांत पंखा बसवला की झालं. पण तो शांत आहे हे ठरवणार कोण, हा प्रश्न या काउंटरपाशी येईपर्यंत त्यांना सुचला नव्हता. आणि उद्या सकाळी वाचक येणार होता.

"पुन्हा लाव बघू," ते म्हणाले.

पुन्हा पाती फिरली. कानसेन आता पंख्याकडे नव्हे, दुकानदाराच्या तोंडाकडे पाहू लागले. कुठल्या पंख्याला तो कपाळाला आठी घालतो, एवढंच बघायचं होतं. पण दुकानदार त्यांच्याच तोंडाकडे पाहत होता. शंका आली की सगळा धंदा त्यांच्याच तोंडाकडे बघायचा.

"असं करा काका, दोन्ही घेऊन जा. घरी लावून बघा. नको असेल तो उद्या आणून द्या."

सोन्यासारखी संधी होती. पण मागचं गिऱ्हाईक ऐकत होतं, आणि कानसेनांच्या तोंडून शब्द निघून गेले, "घरी नेऊन ऐकायची पाळी अजून आली नाही रे माझ्यावर."

मग त्यांनी दोन्ही पंख्यांच्या कडेला नख टेकवून पाहिलं. एकाची चौकट किंचित थरथरत होती, दुसऱ्याची अगदी स्थिर होती. स्थिर म्हणजे शांत, असा हिशोब करून त्यांनी तो पुढे सरकवला.

"हा?" दुकानदाराच्या भुवया वर गेल्या. "मला आपलं वाटत होतं, की हा जरा... जाऊ दे. तुमच्यापुढे मी काय बोलणार?" आणि तो लगेच मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला. "ऐकलंत ना? कानसेन काकांनी पसंत केलाय. तुम्हालाही हाच काढतो."

गिऱ्हाइकाने तोच घेतला. कानसेन पायऱ्या उतरून जवळजवळ पळतच घरी आले.

बायको पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर होती. या घरात नांदायचं म्हणजे आवाज न करता वावरायचं, हे ती लग्नानंतर लगेच शिकली होती. ती अनवाणी चालायची, भांडं फडक्यावर ठेवायची, आणि आतला लाल दिवा लागला की यंत्र थांबवून हाताने टाके घालायची. तिची शिंकसुद्धा पदरात असायची. पंखा बसवून झाला तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"कसा वाटतो?" कानसेनांनी विचारलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, पण हातातला स्क्रूड्रायव्हर घट्ट धरून.

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "छान आहे हो. अगदी शांत."

केवढं बरं वाटलं त्यांना! उगाच घाबरलो, अजून बोटांत तरी अक्कल शिल्लक आहे, असं त्यांच्या मनात आलं. बायको यंत्राकडे गेली आणि ते खुर्चीवर बसले. दर कामाआधी रिकाम्या खोलीचं अर्धं मिनिट रेकॉर्ड करून ठेवायची त्यांची पद्धत होती. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, नुसती खोलीची शांतता टिपायची. मग वाचकाच्या दोन वाक्यांमध्ये जोड द्यायला तीच शांतता लागते. त्यांनी लाल दिवा लावला, बटण दाबलं, आणि टिपून झाल्यावर पडद्यावर पाहिलं.

पडद्यावर वरच्या बाजूला, बारीक आवाज उमटतात तिथे, एक सरळ रेघ होती. परत आलेल्या प्रकरणांतही अशीच रेघ होती, पण ती केसाएवढी. ही सुतळीएवढी जाड होती.

ते त्या रेघेकडे बघत बसले. पंखा समोर किंचाळत होता आणि खोली त्यांच्यासाठी गप्प होती. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. बायकोचे कान चांगले होते. पलीकडच्या खोलीत सुई पडली तर तिला कळायचं.

"अगं, इकडे ये."

ती आली.

"खरं सांग. वाजतोय ना हा?"

तिने पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"वाजतोय," ती म्हणाली. "जुन्यापेक्षा जास्त."

"मग मघाशी शांत आहे म्हणालीस ती?"

"तुमचं तोंड बघितलं असतंत, तर तुम्हीही तेच म्हणाला असतात."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"किटली शिट्टी मारून मारून आटत आली होती, आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात. तेव्हाच कळलं."

"किटलीला कुठे शिट्टी आहे?"

"नाहीच. मी काढून फेकली."

कानसेनांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. ते संतापले होते, पण कुणावर ते समजेना. त्यांना भीती वाटत होती, नुसती भीती, बुडणाऱ्याला वाटते तशी. "उद्या तो येऊन बसेल गं समोर. मी काय करू? मला दुसरं येतं काय? आयुष्यभर एवढंच केलं मी," असं म्हणता म्हणता ते रडायला लागले. बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ तिने तो तसाच राहू दिला.

"उठा," ती शेवटी म्हणाली. "दुकान बंद व्हायच्या आत जाऊ."

"तू जा. सांग, पंखा खराब निघाला."

"मी सांगेन. तो दुसरा काढून देईल, पण कुठला? तुम्ही निवडलात तोच. तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ ना त्याच्या लेखी."

त्यांना किल्ल्या खेळवणारं ते गिऱ्हाईक आठवलं. त्याच्याही घरी आता हेच किंचाळणं चालू असणार, आणि कानसेनांनी पसंत केलाय म्हणून ते बिचारं स्वतःच्याच कानाला दोष देत असणार. ते उठले आणि पेटीचे स्क्रू काढायला लागले.

दुकानात दोघे-तिघे उभे होते. पंखा परत आलेला पाहून दुकानदार स्वतःच म्हणाला, "आवाज करतोय का? पीस खराब असेल काका. थांबा, यातलाच दुसरा देतो."

एवढं हो म्हटलं असतं तरी वेळ निभावली असती. बायको बाजूला उभी राहून वाट बघत होती.

"पीस चांगला आहे," कानसेन म्हणाले. "मलाच ऐकू येत नाही. बारीक आवाज येतच नाहीत कानाला. मघाशी अंदाजाने उचलला. तू आता हिला ऐकव, आणि मघाच्या त्या माणसाला फोन करून बदलून दे. माझी चूक झाली म्हणून सांग त्याला."

दुकानदार हसायच्या बेतात होता, पण मग हसला नाही. त्याने दोन्ही पंखे काउंटरवर मांडले. बायको पुढे झाली. तिने डोळे मिटले नाहीत की मान तिरकी केली नाही. नुसती उभी राहिली, लाल दिवा लागल्यावर उभी राहायची तशी. "हा," ती म्हणाली आणि थरथरत्या चौकटीच्या पंख्यावर बोट ठेवलं. कानसेन तिच्याकडे पाहत होते. किती सोपं होतं ते तिला!

दुकानदाराने पंखा खोक्यात भरला आणि तिच्या हातात दिला. "काकू, कडेला बाण आहे बघा. तो बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगा त्यांना. नाहीतर हवा उलटी जाईल."

"त्यांनाच सांग की," ती म्हणाली. "लावायचा त्यांनी आहे."

दुकानदार ओशाळला. तो काउंटरवरून पुढे वाकला, कानसेनांच्या कानापाशी तोंड नेलं, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द सुटा करून ओरडला, "काका! बाण! बाहेरच्या! बाजूला!"

लोक वळून बघायला लागले. असे पंखे कानसेनांनी आजवर कितीतरी बसवले होते, आणि दुकानदाराचं साधं बोलणं त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. त्यांनी बायकोच्या हातातलं खोकं आपल्याकडे घेतलं, आणि तो काय काय सांगत होता ते सगळं, मान हलवत, शेवटपर्यंत ऐकून घेतलं.