एकाच जागी दुरुस्ती

यंत्राबरोबर येणारी माहितीपुस्तकं कोण लिहितं, असा प्रश्न कुणाला पडत नाही. कोकणात, बांद्याच्या घरात बसून, पुण्याच्या एका कंपनीसाठी, कित्येक वर्षं मी लिहीत होते. काजू फोडायचं यंत्र, आंब्याचा रस काढायचं, टरफलं दळायचं. प्रत्येकाचं पुस्तक वेगळं. लिहिण्याआधी मी ते यंत्र चालताना बघायची, चालवणाऱ्या बायकांशी बोलायची.

मग विनीत आमचा साहेब झाला. माझ्यापेक्षा लहान, बोलायला गोड. "नीरजा मॅडम, आता पुस्तकं नाही, तुकडे लिहायचे. एक सूचना एकदाच लिहून कोठारात ठेवायची आणि लागेल त्या यंत्राला जोडायची. बदल एकाच जागी केला की सगळीकडे आपोआप होतो." मला पटलं. आवडलंसुद्धा, कारण तेच वाक्य दर पुस्तकात उतरवून मला वीट आला होता. "तुमच्याइतकं सुटसुटीत कुणी लिहीत नाही," म्हणत त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि माझी सगळी पुस्तकं फोडून घेतली. कोठार भरलं तशी जोडणी संगणकच करू लागला. माझी गरज संपल्याचा फोनही विनीतनेच केला. तेव्हाही तो गोडच बोलला.

त्या तुकड्यांतला एक होता, 'काम करताना हातमोजे घाला.' तो काजू फोडायच्या यंत्रासाठी होता. तिथे बी हाताने ठेवायची आणि पातं पायाने दाबायचं. टरफलातलं तेल लागलं की बोटांची कातडी जळते, सोलून निघते. आमच्याकडे कितीतरी बायकांचे हात तसे झालेत.

माझी किशोरीवहिनी गुरुप्रसादशेटच्या काजूकारखान्यात कामाला. यंदा शेटने टरफलं दळायचं यंत्र आणलं. त्यात दोन लोखंडी रूळ एकमेकांकडे फिरतात. अशा यंत्राजवळ हातमोजा म्हणजे मरण. त्याचं टोक रुळात गेलं की हात आत ओढला जातो. माझ्या जुन्या पुस्तकात मी लिहिलं होतं, 'हातमोजे, बांगड्या, ओढणी नको.' पण संगणकाने टरफल बघितलं, तेल बघितलं आणि हातमोजे घालायची सूचना जोडली. दोन सूचना एकमेकींच्या उलट दिसल्या म्हणून त्याने एक गाळली. गाळली ती नेमकी बरोबर असलेली. मधे विचारायला माणूस कुणी नव्हता.

शेट पुस्तकाबाहेर पाऊल न टाकणारा. प्रत्येक यंत्राच्या सूचनांचं पान त्याने भिंतीवर चिकटवलं होतं. दळायच्या यंत्रावर असताना गरम होतंय म्हणून वहिनीने हातमोजे काढले, तर तो तिच्यावर खेकसला, "पुस्तकात लिवलेला आसा, घाल ते!" तिने घातले. त्याच दिवशी तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

इस्पितळाच्या पायरीवरून मी विनीतला फोन लावला. दुसऱ्या कुणाची बोटं जायच्या आत ते वाक्य त्या यंत्रावरून काढा, एवढंच माझं मागणं होतं. त्याने ऐकून घेतलं, हळहळला, पलीकडे कळफलक वाजला. "झालं मॅडम. एकाच जागी काढलं. सगळीकडून गेलं."

"सगळीकडून नको!" मी ओरडलेच. "फोडायच्या यंत्राला ते हवंच आहे. बायकांचे हात जळतील."

"मॅडम, यंत्रागणिक वेगळं बघत बसायला माणूस लागतो. ते पद आता नाही." ते पद म्हणजे मी. मी पुन्हा फोन केले, लेखी कळवलं. उत्तर आलं, तेही संगणकाचं. तक्रारीचं निवारण झालं आहे, धन्यवाद.

दोन्ही यंत्रांची नवी पानं शेटच्या मोबाइलवर आली. त्याने भिंतीवरची जुनी काढून नवी लावली आणि हातमोजे आणायचे बंद केले.

जखम भरल्यावर वहिनी पुन्हा कामावर गेली. दळायच्या यंत्राजवळ जायची तिला भीती वाटत होती, म्हणून शेटने तिला काजू फोडायला बसवलं. बांद्याच्या बाजारातून हातमोजे घेऊन मी तिच्याकडे गेले. तिने घातले. उजव्याची दोन बोटं रिकामी लोंबत राहिली. ती आत दुमडत होती, तेवढ्यात शेट आला.

"काढ ते. पुस्तकात नाय ता यंत्रार नको. परत काय झाला तर विम्याचे पैशे गावचे नाय."

"शेट, हे यंत्र वेगळं आहे," मी म्हटलं. "याच्यावर हातमोजे हवेतच. ते वाक्य मीच लिहिलं होतं."

"मगे दाखव," त्याने भिंतीकडे बोट केलं. "खंय आसा?"

फोडायच्या यंत्राच्या पानात माझी बाकीची सगळी वाक्यं होती, सुटसुटीत. ते एक नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण दाखवणार काय?

वहिनीने हातमोजे काढून माझ्या हातात दिले. "घेवन जा गो. माका कामावरसून काढीत तो."

तिने उरलेल्या बोटांनी बी पात्याखाली धरली आणि पाय दाबला. तेल तिच्या नव्या, अजून गुलाबी असलेल्या कातडीवर उडालं.