एक्केचाळीस सेकंदांचा धवला

मंगळवार होता. मृणालीने नेहमीप्रमाणे आपला फोन भिवंडीजवळच्या वडपे गावातल्या गोदामाच्या दाराशी असलेल्या लॉकरमध्ये ठेवला, चावी गळ्यात अडकवली आणि ती ड्युटीवर गेली. त्या फोनच्या पोटात मी होतो. साडेदहानंतर फोन चार वेळा थरथरला. लॉकरच्या पत्र्यावर त्याचा आवाज फार मोठा होतो, पण ऐकायला तिथे कोणी नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने फोन काढला. चारही कॉल बाबांचे. भाजी काय आणू, हे विचारायला लडकूबाबा रोज असाच फोन करतात. म्हणून तिने आधी डबा उघडला, आवडत्या रील स्टारची, कुणालदादाची, नवी रील पाहिली, थोडी हसली आणि मग घरी फोन लावला.

"घरी ये गो," बाबा म्हणाले. "आये गेली तुजी."

सकाळी भांडी घासताना राहीबाई भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही.

मी एक मेमरी कार्ड बोलतोय. अंगठ्याच्या नखाएवढा, काळा. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते भिवंडीच्या मंडईजवळचं मोबाईलचं दुकान. लडकूबाबा तेव्हा टेम्पो चालवायचे. दुकानदाराने त्यांना विचारलं, "चाचा, गाना कौनसा डालूँ?"

"सब डाल. जेवढी मावतील तेवढी," बाबा म्हणाले.

आठशे गाणी घेऊन मी कित्येक वर्षं टेम्पोत फिरलो. पुढे गुडघे दुखू लागले म्हणून बाबांनी टेम्पो विकला, आणि मी मृणालीच्या फोनमध्ये आलो. तिने गाणी पुसली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आमच्यासारख्यांना पुसलं जाण्याची सवय असते.

मृणाली राहनाळची. रोज नऊ तास पार्सलांवर स्कॅनर धरायचं, हे तिचं काम. तिथे तिला कोणी नावाने हाक मारत नाही. 'ए स्कॅनिंग', 'ए दोन नंबर लाइन', एवढंच. घरी येताना रिक्षात ती कुणालला बघायची. कुणाल खारबावकडचा. आपल्या आगरी बोलीत सासू-सुनेच्या, मासळीबाजाराच्या गमती सांगणारा रील स्टार. त्याचे तीन लाख चाहते. त्याचे सहाशे अकरा व्हिडिओ तिने माझ्यात साठवले आहेत. मीच मोजले.

एकदा तो लाइव्ह आला होता. खालून सरकणाऱ्या नावांतलं एक नाव त्याने वाचलं. "मृणाली, राहनाळ! काय गो मृणाली, जेवलीस का?"

मृणाली ओरडतच स्वयंपाकघरात धावली. सहा सेकंदांचा तो तुकडा तिने आईला पाच वेळा ऐकवला.

"मी रोज इचारते, जेवलीस का," राहीबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "तवा नुसती मान हालवतेस. हा कोन लागून गेला? मामा का काका?"

"आये, तीन लाख लोकांत त्याने माझं नाव घेतलं!"

"बरा हाय पोर. त्याला सांग, एवढी नावं घेतोस तर एकादा जावई पन बघ."

माणसं अशा माणसांना का डोक्यावर घेतात, यावर मी आतल्या आत बराच विचार केला आहे. कुणाल बोलताना समोर बघतो. त्याचं बघणं कोणा एकाकडे नसतं, म्हणून ते प्रत्येकाला आपल्याकडे वाटतं. दिवसभर ज्या मुलीला कोणी नावाने ओळखत नाही, तिला त्या सहा सेकंदांत काय मिळालं, ते मी जवळून पाहिलं आहे. तिला मूर्ख म्हणायची माझी तयारी नाही. घरातही तिला हाक मारली जायचीच. पण रोजची हाक कानाला हाक वाटत नाही.

राहीबाई स्वतः नावं घेण्याचंच काम करायची. ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, म्हणावा लागतो, तो म्हणणारी. हळदीच्या धवल्यात ती आधी देवांना बोलवायची, मग घरातल्या एकेकीला नाव घेऊन: या आणि पोरीला हळद लावा. तिच्या धवल्यात नाव आल्याशिवाय कोणी हळदीला हात लावत नसे. म्हणताना ती कोणत्याही फोनकडे बघायची नाही. नवरीकडे बघायची.

गेल्या वर्षी मृणालीची चुलतबहीण करिष्मा हिची हळद होती. काकांनी मानपान देऊन कुणालला बोलावलं होतं. आता आमच्याकडे हळदीला रील स्टार आला की मांडवाची शोभा वाढते. तो चार वाजता यायचा होता, दिवेलागणीला आला. तोवर राहीबाईने थांबून थांबून शेवटी धवला सुरू केला होता. मांडवात गलका झाला. मृणालीने फोन वर धरला आणि मी भरू लागलो.

पुढचे एक्केचाळीस सेकंद माझ्यात आहेत. चित्रात कुणालचा चेहरा, घामेजलेला, हसरा. तो करिष्माला शुभेच्छा देतोय. आणि मागून, दिसत नाही असा, राहीबाईचा आवाज. एकवीरा आईचं नाव, गावदेवीचं नाव. मग करिष्माच्या आईचं. मग काशीकाकीचं, मग वैशालीआत्याचं. आता करवलीचं नाव यायचं. करवली मृणाली होती.

तेवढ्यात जवळून, अगदी फोनला लागून, मृणालीचा आवाज येतो. "आये, जरा थांब ना! दादाचा आवाज येत न्हाय."

धवला थांबतो.

"चालू द्या मावशी," कुणाल म्हणतो.

"बोल रे तू. लांबून आलायस," राहीबाई म्हणते. इथे व्हिडिओ संपतो.

कुणाल गेल्यावर डीजे सुरू झाला. राहीबाईने तुटलेला धवला पुन्हा न धरता उरलेला विधी आटोपता घेतला. सगळ्यांनी हळद लावली. मृणालीनेही लावली. त्या गडबडीत कोणाच्या काही लक्षात आलं नाही. राहीबाईच्या आलं असेल.

तेराव्याच्या आदल्या दिवशी लडकूबाबा मृणालीजवळ येऊन बसले. "तुज्या फोनात आयेचा आवाज हाय का गो? मना ऐकायचाय."

"असेल ना बाबा. एवढं शूटिंग करते मी."

ती शोधत बसली. दुपार झाली, चहा निवला. सहाशे अकरा व्हिडिओ कुणालचे. बाकी मैत्रिणी, पार्सलं, नवे ड्रेस, एक मांजर. आई कुठे कुठे मागून जाताना दिसत होती, हातात टोप, खांद्यावर टॉवेल. बोलत नव्हती. शेवटी हळदीचा व्हिडिओ लागला. मृणालीने तो एकदा ऐकला, फोन उपडा ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. बाबांनी फोन उचलून स्वतः लावला. शेवटपर्यंत ऐकला. तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले काहीच नाही.

तुम्हीही तिला काही म्हणू नका, एवढीच माझी विनंती आहे.

आता मी पुन्हा लडकूबाबांच्या जुन्या फोनमध्ये आहे. मृणालीनेच घातलं मला तिथे. कुणालचे व्हिडिओ तिने पुसले नाहीत. पुसून आईचा आवाज वाढला नसता. ती अजून त्याला बघते, पण पूर्वीइतकं हसत नाही. आणि घरी पोचल्यावर बाबांनी "जेवलीस का" विचारलं, की तोंडाने उत्तर देते.

रोज संध्याकाळी बाबा ओट्यावर बसून धवला लावतात. मृणाली आत भाकऱ्या करत असते. तिचा 'थांब ना' यायच्या आधी, वैशालीआत्याचं नाव झालं की, ते बोटाने व्हिडिओ थांबवतात. चष्म्याशिवाय त्यांना आकडे दिसत नाहीत, तरी एकदाही चुकत नाहीत.

त्यापुढचं नाव मृणालीचं होतं. ते घ्यायचं राहून गेलं.