चार बोटांचं अंतर

मुलुंडच्या सुगंधाताईंनी हातातून ऊर्जा देणाऱ्या रेकीवाल्यांचं मंडळ काढलं आणि नियमही स्वतःच केले. सरकारने काही सांगितलं नव्हतं, हौस त्यांचीच. पहिला नियम असा, की फॉर्मवर सही घेतल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही, चार बोटं वरच धरायचा. मंडळातल्या शकुने एका रडणाऱ्या बाईचे डोळे पुसले, तर ताईंनी तिला भर सभेत कान धरून उभं केलं. पुन्हा कुणाला हात लावलास तर मंडळाच्या यादीतून नाव कट, म्हणाल्या. गिऱ्हाईकं ती यादी बघूनच यायची, आणि शकुचं घर त्यावरच चालायचं.

पुढच्याच सभेत ताईंच्या घशात अख्खा साबुदाणा वडा अडकला. तोंड जांभळासारखं झालं. शकु पाठीत गुद्दा घालायला धावली आणि मध्येच थांबली.

"घालू का गं?" तिने शेजारी बसलेल्या मंडळातल्याच तेजलला विचारलं.

"सही आहे?"

"मान हलवतायत ना."

"मान नाही चालत यार, लेखी लागतं. ताईंचाच नियम."

मग सभेतल्या बाराही जणींनी ताईंच्या गळ्यावर चार बोटं अंतर ठेवून हात धरले. इतकी ऊर्जा सुटली की वरचा पंखा उलटा फिरायला लागला. वडा मात्र जागचा हलला नाही.

शकुने फॉर्म पुढे केला. ताईंनी सही केली. शकुने मूठ उगारली, तेवढ्यात तिची नजर कागदावर गेली.

"ताई, तारीख राहिली."

ती काही ताईंना जमली नाही. मंडळाने ती त्यांच्या हार घातलेल्या फोटोखाली सुवाच्य अक्षरात लिहिली. शकुचं नाव यादीत राहिलं.