एक नाव राहतंय

म्हाताऱ्या विसारिओन फादरांना काल काय जेवलो ते आठवत नसे. स्वतःच्या घराची वाट चुकत, मग हाताला धरून मीच पोचवायचो. मी गाव्रिला, आमच्या डोंगरगावच्या चर्चचा घंटावाला. दिवे, धूप, झाडू, सगळं माझ्याच गळ्यात.

नवे फादर कोर्नेल तरुण. बोलायला लागले की लोक भान हरपायचे. त्या रविवारी मला म्हणाले, "गाव्रिलाकाका, लोक थंडीत ताटकळतात आणि विसारिओन फादरांचं पुटपुटणं संपत नाही. आजपासून वेदीपाशी यायचं नाही, असं सांगतोच त्यांना."

मला संताप आला. पण लोक ताटकळत होते, हे खरंच होतं.

आम्ही दोघं आत गेलो तेव्हा वेदीच्या पडद्याआड म्हातारा पवित्र भाकरी घेऊन उभा होता. उपासनेआधी एकेकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी देवाकडे मागायचं, भाकरीचा एक कण सुरीने काढायचा, ताटलीत ठेवायचा. कोर्नेल 'सगळ्या गावासाठी' म्हणून एकाच कणात मोकळे होत.

"परास्किवा," म्हातारा म्हणाला, "परक्या देशात लोकांची म्हातारी माणसं सांभाळतेय. तिचा नवरा, बाटली सुटत नाही त्याची. ओनिसिम सुतार, मला भर बाजारात शिव्या देतो, त्याची कंबर बरी कर. आणि हे नवं पोर, कोर्नेल. बोलतो छान. देवा, त्याला गप्प बसायलाही शिकव."

कोर्नेल लालबुंद झाले. मी हसू दाबलं, आणि लगेच अंगावर काटा आला. सगळं विसरलेल्या या माणसाच्या ओठांवर अख्खं गाव होतं. मला तिथे उभं राहायचीही भीती वाटली.

इतक्यात सुरी थांबली.

"एक राहतंय रे," म्हातारा कासावीस झाला. "रोज राहतं. कितीही थांबलो तरी नाव येत नाही. त्याच्यासाठी कोण मागणार?"

कोण राहतंय ते मला कळलं. पण मी सांगायच्या आत कोर्नेल पुढे झाले. आता सुरी काढून घेणार, असं मला वाटलं. त्यांनी म्हाताऱ्याचा हात सुरीसकट धरला, कण काढला आणि हळूच म्हणाले, "विसारिओन."

"हां, तोच!" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "बिचारा. तू ओळखतोस त्याला?"

"आत्ताच ओळख झाली, फादर." कोर्नेलनी त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. "मला सगळी नावं शिकवाल?"

"मग पुढच्या रविवारी लवकर ये. नावं पुष्कळ आहेत."